अळंबी चढली तेव्हा

माझ्या आजाराला डॉक्टरांनी नाव देईपर्यंत आमच्या भेस्तानच्या सोसायटीने त्याला पुष्कळ नावं देऊन पाहिली. समोरच्या ज्योत्स्नाबेन म्हणाल्या, हार्ट. खालचा किराणावाला म्हणाला, नजर. प्लेगची साथ येऊन गेल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे माझा लालबुंद चेहरा बघून जिन्यातल्या दोघातिघांनी एक शब्द न बोलता नाकाला रुमाल बांधले. आणि दवाखान्यात गेल्यावर एका शिकल्यासवरल्या माणसाने जे नाव घेतलं, ते ऐकून मी सलाईनसकट उठून बसले. ते नाव होतं दारू.

आमच्या घरात दारूचं नाव काढायचीसुद्धा चोरी होती. आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले. माझा नवरा साड्या छापण्याच्या मिलमध्ये सुपरवायझर, मी घरी साड्यांना लेस लावायची, दोन मुली शाळेत. सासरे दारूनेच गेले होते. त्यामुळे मुलाने सुरतला नोकरी धरली तेव्हा सासूबाईंनी बाकी काही विचारलं नाही. "गुजरातेत दारूबंदी हाय म्हंते ना? मंग चाल," एवढं म्हणून त्या गाडीत बसल्या.

सरकारच्या शब्दावर इतका विश्वास ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

*

त्या उन्हाळ्यात मला मलेरिया झाला होता. ताप गेला, पण अंगात त्राण राहिलं नाही. जिना चढले की मध्येच पायरीवर बसायची. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, गोळ्या घ्या आणि रोज सकाळी चाला.

चालायला सासूबाई सोबत यायच्या. भेस्तानला तेव्हा एकीकडे कारखाने आणि दुसरीकडे कॅनॉल होता. कॅनॉलच्या कडेने वनखात्याने झाडं लावलेली, आणि ती संपली की कुणाची तरी जुनी आमराई. मालक कुठे परदेशात होता म्हणे. निम्मी झाडं तोडलेली, खुंट तसेच, खाली गवत आणि कुजका पाचोळा. मी दम खात चालायची. सासूबाई मात्र रानात सोडलेल्या शेळीसारख्या. ही तरोट्याची भाजी, हा गुळवेल, ते पाह्य वं, ते पाह्य. सुरतच्या दोन खोल्यांत त्यांना कधी इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आणि एका रविवारी पाऊस उघडल्यावर त्यांना अळंबी दिसली. आंब्याच्या एका खुंटाभोवती घोसच्या घोस उगवले होते. राखाडी, उंच देठाची, अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखी. सासूबाई चिखलात चक्क गुडघ्यांवर बसल्या.

"सात्या?" मी विचारलं. लग्नानंतर एकदा गावी मी सात्यांची भाजी खाल्ली होती, तिची चव जिभेवर होती.

"सात्या नाई. सात्या वारुळावर येते. ह्या दुसऱ्या. पण लहानपनी खाल्ल्या मी, माह्या मायनं केल्त्या."

"नक्की ना, आई?"

"मी आधी खातो. मी मेली तं तुमी खाऊ नका."

पदर भरून अळंबी घरी आली. जिन्यात ज्योत्स्नाबेन भेटल्या आणि पदरात डोकावून दोन पायऱ्या मागे सरकल्या. "हाय हाय, आ तो बिलाडीनो टोप छे! आ खवाय?" मांजराची टोपी! सासूबाईंना गुजराती फारसं येत नसे, पण अपमान कुठल्याही भाषेतला कळायचा. ज्योत्स्नाबेनकडे जाणारी रोजची ताकाची वाटी त्यांनी त्याच दुपारी बंद केली.

भाजी दुपारी झाली. लसूण, तिखट, थोडं खोबरं. सासूबाईंनी ठरल्याप्रमाणे आधी खाल्ली आणि आम्ही सगळे समोर बसून त्यांच्याकडे पाहू लागलो. माझा दीर प्रकाश त्या दिवशी आला होता. तो गोडादऱ्याला लूमवर कामाला, तिथेच चौघांत खोली घेऊन राहायचा आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. त्याला धीर धरवेना.

"माय, कसं वाटते?"

"भुकेल्या मान्सानं तोंडाकडं पाह्यलं तं कसं वाटन? बस जेवाले."

भाजी अप्रतिम झाली होती. हे मी आजही सांगते. इतकी यातायात झाली तरी तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. मुलींनी नाक मुरडलं, आम्ही चौघांनी बोटं चाटली. थोडी अळंबी उरली ती सासूबाईंनी स्टीलच्या डब्यात घालून ठेवली. प्रकाश संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेला.

*

आता टॉनिकबद्दल सांगायला हवं.

मलेरियानंतर सासूबाईंनी माझ्यासाठी एक आसव आणलं होतं. आयुर्वेदिक दुकानातलं, काळसर, गोड-तुरट. बाटलीवर दोन चमचे पाण्यातून घ्या असं लिहिलेलं. सासूबाईंचं म्हणणं, दोन चमच्यांनी मुंगीलाही ताकद येत नाही. त्या मला संध्याकाळी जेवणाआधी वाटीभर द्यायच्या, बिनपाण्याचं. आणि खरं सांगते, मला ते घेतल्यावर बरं वाटायचं. जरा जास्तच बरं. लेस लावता लावता मी गुणगुणायला लागायची. सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणायच्या, "पाह्य, कशी अंगी लागून राह्यली दवाई."

त्या रविवारी संध्याकाळीही मी वाटी रिकामी केली. कणीक मळायला बसले आणि कान तापले. मग मान. मग असं वाटलं की कुणी चुलीचं तोंड माझ्याकडे वळवलंय. छातीत धडधड इतकी की काकणांना कळावी. तोंडात लोखंडाची चव आली आणि मी मोरीकडे धावले.

"मम्मी, तू लाल झालीस," धाकटी म्हणाली. "टमाट्यासारखी."

मी आरशात पाहिलं. टोमॅटो बरा म्हणायची वेळ होती.

मला वाटलं, संपलं. हार्ट. मी नवऱ्याचा हात धरून शेवटचं सांगू लागले. मुलींना शिकवा, हप्त्याची शिलाई मशीन विकू नका, गावची ती गळकी खोली तुमच्या चुलत्याला देऊ नका. तो "हो हो" म्हणत रिक्षा बघायला पळाला. त्याने माझी एकही शेवटची इच्छा नीट ऐकली नव्हती हे मला नंतर कळलं.

*

उधन्याच्या रस्त्यावर एक छोटा खासगी दवाखाना होता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी नाडी धरली, डोळ्यांत बॅटरी मारली, ईसीजीचा कागद काढला. कागद बघून त्यांना हायसं वाटलं आणि माझा चेहरा बघून परत वाटेनासं झालं.

"बेन, साचुं बोलजो. कंई पीधुं छे?"

"हा," मी म्हटलं. "चा."

"चा नहीं, बेन."

मला खरंच कळेना. मी म्हटलं, सकाळी दूधही घेतलं होतं. तेव्हा बाजूचा कंपाउंडर खोकला आणि मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "बेन, आपणे त्यां तो परमिट जोइए ने."

परवाना कशाचा, हा प्रकाश माझ्या डोक्यात पडायच्या आधी तो सासूबाईंच्या डोक्यात पडला. त्या ताडकन उठल्या. "काय म्हंते हा? माह्या सुनेले दारुडी म्हंते?" अशा आवाजात ओरडल्या की वॉर्डातल्या ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळलं. डॉक्टर घाईघाईने म्हणाले की तसं नाही, पण दारू सोडवायची एक गोळी असते, ती घेऊन वर कोणी प्यालं तर अगदी अशीच अवस्था होते, म्हणून विचारलं. झालं. आता वॉर्डाला सविस्तर कळलं.

मला भरती करून घेतलं. सासूबाईंनी अळंबीचंही सांगितलं, पण घरातल्या बाकीच्यांनी खाल्लं आणि सगळे ठणठणीत आहेत म्हटल्यावर डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

*

दवाखान्यातला दिवस भल्या पहाटे फिनेलच्या वासाने उगवतो. मग बादली आपटत सफाईवाली येते, मग सिस्टर, मग चहा नावाचं गरम पाणी, मग डॉक्टरांची फेरी. सकाळी मी अगदी बरी होते. भूक लागली होती. ज्योत्स्नाबेन मुगाचं पाणी घेऊन आल्या आणि माझा हात हातात घेऊन बसल्या. सासूबाईंनी ताक बंद केलेलं असूनही आल्या हे मला फार भिडलं. त्यांनी काहीही विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाल्या, "टेन्शन होय तो मने कहेवानुं. आवुं नहीं करवानुं." टेन्शन आलं तर मला सांगायचं, असलं काही करायचं नाही; म्हणजे बातमी सोसायटीत पोचली होती.

शेजारच्या खाटेवर गुडघ्याच्या दुखण्याची एक म्हातारी बा होती. दुपारी सगळे झोपलेले बघून ती माझ्याकडे वळली आणि कुजबुजली, "बेटा, क्यांथी मळे छे? मारा घूंटण माटे थोडी जोइती'ती."

ती कुठे मिळते ते तिला हवं होतं, गुडघ्यांसाठी! मी तोंडावर चादर घेतली. हसू येत होतं की रडू, ते माझं मलाच ठरवता येईना.

संध्याकाळी सासूबाई डबा घेऊन आल्या. सिस्टरने त्यांची पिशवी तपासली, कारण डॉक्टरांचा हुकूम होता की पेशंटला बाहेरून कोणी काही आणून देतंय का बघा. पिशवीत भाकरी होती, वरण होतं, देवाचा अंगारा होता आणि टॉनिकची बाटली होती. सिस्टरने बाटली उलटसुलट करून पाहिली.

"टॉनिक है. बराबर पिलाओ, माँजी. बहुत वीक है बहू."

सासूबाईंनी वाटीभर पाजलं. आजारी माणूस म्हणून वर थोडं जास्तच. जेवणाचा पहिला घास घेईपर्यंत माझे कान तापले.

पुन्हा सगळं तेच. धडधड, लाली, ओकारी, पळापळ. या वेळी भीती मात्र खरी होती. पहिल्यांदा झालं तेव्हा गडबडीत घाबरायलाही नीट वेळ मिळाला नव्हता. आता सलाईन लावलेलं, डॉक्टर समोर, तरी हे परत आलं, म्हणजे आत काहीतरी मोठं बिघडलंय आणि ते कुणालाच कळत नाही. मुलींच्या वेण्या कोण घालेल, असलं काहीतरी डोक्यात फिरत राहिलं. सासूबाई पायाशी बसून माझे तळवे चोळत होत्या आणि पुटपुटत होत्या, "माह्या हातची भाजी. मीच आनली. मीच मारली पोरगी."

डॉक्टरांची मात्र आता खात्रीच पटली होती.

*

दुसऱ्या दिवशी नवरा कामावरून परस्पर आला. मग माझी उशी सारखी करायला म्हणून वाकला आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिला.

"तुम्ही माझ्या तोंडाचा वास घेताय?"

तो दचकून सरळ झाला. खोटं बोलता येत नाही त्याला. खाली मान घालून म्हणाला, "बाबा घरी आले की आई मला पाठवायची. बाबाच्या कुशीत जा आणि वास घेऊन ये म्हणायची. सवय गेली नाही बघ."

मला आधी संताप आला होता. त्याच्या या वाक्याने तो कुठच्या कुठे गेला. सहा-सात वर्षांचा मुलगा बापाच्या कुशीत शिरतो, आणि ते कशासाठी, तर याच्यासाठी.

"मग? आला वास?" मी विचारलं.

"टॉनिकचा येतो," तो म्हणाला. "दारूचा नाही."

आम्ही दोघेही सुटकेचा श्वास सोडून हसलो. किती शहाणे होतो आम्ही!

*

त्या दवाखान्यात अधूनमधून एक मोठे डॉक्टर यायचे. पिकलेले केस, जाड भिंगाचा चष्मा, आवाज हळू. ते त्या संध्याकाळी आले. तरुण डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन माझी कहाणी सांगितली. मधून मधून दोघे माझ्याकडे पाहत होते.

मोठे डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, रविवारी काय काय खाल्लं ते सकाळपासून सांगा. मी सांगितलं. अळंबीवर ते थांबले. "कैसी थी? उरलेली आहे का?" त्यांना मराठी बऱ्यापैकी येत होतं. नवरा डबा आणायला घरी गेला.

तेवढ्यात प्रकाश आला. रविवारनंतर तो पहिल्यांदाच येत होता. चेहरा उतरलेला. वहिनीवर दारूचा आळ आलाय हे त्याला नुकतंच कळलं होतं, आणि तो तावातावाने थेट डॉक्टरांसमोर उभा राहिला.

"साहेब, माही वहिनी देवमानूस हाय. ते भाजीच खराब होती. मी बी खाल्ली. मलेबी रविवारी रात्री अस्संच झालं. तोंड लाल, छाती धडधड, ओकारी. काल दिवसभर पडून होतो. मंग मी काय दारू पेलो?"

सासूबाईंनी त्याच्याकडे अभिमानाने पाहिलं. असा दीर असावा! मलाही भरून आलं.

मोठे डॉक्टर त्याच्याकडे चष्म्यावरून बराच वेळ बघत राहिले. "अच्छा," एवढंच म्हणाले.

डबा आला. सासूबाईंनी झाकण उघडलं आणि किंचाळल्या, "अगा बापा! याच्यात शाई कोनं टाकली?" डब्यात अळंबी नव्हतीच. काळा, दाट, चिकट रस होता. रविवारी पाहिलेल्या त्या नाजूक छत्र्या वितळून दौतभर शाई झाली होती.

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा असा खुलला की मला क्षणभर वाटलं ते टाळ्या वाजवणार. शिकत असताना आपण हे पुस्तकात वाचलं होतं, ते म्हणाले, पण इतक्या वर्षांत असा पेशंट पाहायचा योग नव्हता. त्यांनी तरुण डॉक्टरांना डबा दाखवला, सिस्टरला दाखवला. मग माझ्याकडे वळले.

"बेन, कोई देशी दवा लेते हो? काढा, आसव?"

"मी देतो ना," सासूबाई पुढे झाल्या आणि पिशवीतून बाटली काढून त्यांच्या हातात दिली. "रोज देतो. वाटीभर. काल हितंच देल्ली."

डॉक्टरांनी बाटली दिव्याखाली धरली, खालची बारीक अक्षरं वाचली आणि मोठ्याने उच्चारली. त्यात एक शब्द होता, मद्यार्क.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ही अळंबी नुसती खाल्ली तर काही होत नाही. पण ती खाऊन त्या दिवशी किंवा पुढचे काही दिवस पोटात थोडीशी जरी दारू गेली, तरी ती अंगात नीट जिरत नाही आणि असा झटका येतो. आसवात ती थोडी असतेच, मुरताना आपोआप तयार होते. दोन चमच्यांत कदाचित काही कळलंही नसतं. वाटीभर म्हणजे फार झालं. हार्ट चांगलं आहे, घाबरायचं कारण नाही, आठवडाभर आसव बंद, उद्या घरी जा.

तरुण डॉक्टरांनी हात जोडून माझी माफी मागितली. मी सासूबाईंकडे पाहत होते. त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. नवऱ्याच्या बाटल्या शोधशोधून विहिरीत टाकणारी बाई, आणि तिने दोन महिने स्वतःच्या हाताने सुनेला...

"माह्या हातानं," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं दारू पाजली मी तुले."

"तुम्हाला काय माहीत, आई. आणि मला बरंही वाटायचं हो."

"म्हनूनच तं!" त्या रडत रडत म्हणाल्या. "त्याइलेबी बरंच वाटे."

डॉक्टर उठले. दारापर्यंत गेले आणि काहीतरी विसरल्यासारखे मागे वळले. त्यांचा आवाज अगदी गोड होता.

"अने तमे, भाई? तमे कयुं टॉनिक लो छो?"

प्रकाश कुठलं टॉनिक घेतो ते ऐकायला शेजारच्या खाटेवरची बा कोपरावर उठून बसली.

सासूबाईंनी डोळे पुसले. सावकाश मान वळवून धाकट्या लेकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता चप्पल निघते. पण डॉक्टरांकडे वळून अतिशय नम्रपणे त्यांनी विचारलं,

"डाक्टरसाहेब, ह्या छत्र्या वाळवून ठेवता येते काय?"

*

डॉक्टरांनी कडक शब्दांत नाही सांगितलं. असा उपाय घरी करायचा नसतो, जिवावर बेतू शकतं. सासूबाईंना ते पटलं, पण पटलंय हे त्यांनी प्रकाशला कळू दिलं नाही.

ज्यांना असं काही अचानक झालं असेल त्यांच्यासाठी माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. डॉक्टरांना सगळं सांगा, ज्याला तुम्ही औषध समजत नाही तेही, आणि ज्याला फार चांगलं औषध समजता ते तर आधी. कुणी वाकडा प्रश्न विचारला तर रागवा, पण उत्तर द्या. रानातलं जे पुरतं ओळखीचं नाही ते कितीही सुंदर दिसलं तरी रानातच राहू द्या. आमचं नशीब की ती जात याहून वाईट नव्हती. आणि जी शेजारीण तुमच्याबद्दल नको ते ऐकूनही मुगाचं पाणी घेऊन येते, तिच्याशी भांडू नका. सासूबाईंनी घरी आल्याबरोबर ज्योत्स्नाबेनकडे ताक पाठवलं, वाटी नाही, तांब्याभर.

आम्ही पुन्हा चालायला जाऊ लागलो. माझं रक्त हळूहळू वाढलं. खजूर आणि गोळ्यांवर.

प्रकाश रविवारी येतच राहिला, पण त्याच्या जेवणाची कळाच गेली. ताट वाढलं की तो विचारायचा, "माय, कशाची भाजी?" सासूबाई म्हणायच्या, "खा ना." मग तो बोटाने चिवडून बघायचा. वांग्याचा संशय, कोबीचा संशय. भरलेलं कारलं तर त्याने उलगडून पाहिलं. शेवटी वरण-भात आणि पापड खाऊन उठायचा. मुली तोंडात पदर धरल्यासारख्या फ्रॉक धरून हसायच्या. माझ्या नवऱ्याने एकदा म्हटलं, "आई, सांगून टाक ना त्याला." त्या म्हणाल्या, "इचारते म्हंजे भेते. भेते म्हंजे कायले भेते, ते मले मालूम हाय. ज्या दिवशी तो इचारनार नाई, त्या दिवशी समजीन मी."

पावसाळा असाच गेला. नवरात्र आलं. त्याआधीच्या रविवारी प्रकाश आला तो भुकेलेला होता, लूमवर जादा पाळी करून आला होता. सासूबाईंनी ताट वाढलं. रस्सा असा काळपट आणि दाट झाला होता की आत काय आहे ते मलाही सांगता आलं नसतं. प्रकाशने हात धुतले, मांडी घातली, भाकरी मोडली आणि खायला लागला. काही विचारलं नाही. चिवडलं नाही. आपल्या मुकादमाची काहीतरी गंमत सांगत सांगत त्याने सगळी वाटी संपवली.

सासूबाई शेगडीजवळ पळी हातात घेऊन तशाच बसून राहिल्या होत्या.

"माय, आनखी हाय काय?" त्याने वाटी पुढे केली.

त्यांनी सगळं पातेलंच त्याच्यासमोर आणून ठेवलं.